समुद्राचं आवर्तन

आमचं गाव शेवगाव-पाथर्डीच्या शिवेवर, मुळा उजव्या कालव्याच्या शेपटाला. शेपटाला म्हणजे कसं, धरणातून पाणी सुटलं की आधी राहुरी भिजते, मग नेवासा, आणि आमच्यापर्यंत येईतो आवर्तन संपत आलेलं असतं. त्यामुळे पाण्याची वाट कशी बघायची हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पाळी दिवसाची की रात्रीची, रात्रीची असली तर बॅटरीत सेल आहेत का, बारं द्यायला जोडीला कोण, हे सगळं धरून पाहुण्यांकडच्या लग्नाला जायचं की नाही ते ठरवणारी माणसं आम्ही.

असा मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला गुरुजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी सहा जणांचा मेळ जमवून माघ महिन्यात अंदमानला गेलो. आणि पाण्याची वाट बघायची असते, हे नेमकं तिथंच विसरलो. पॅकेजचे पैसे भरले की माणसाला वाटतं, आता समुद्रसुद्धा आपल्या वेळेवर हजर राहील. तो राहत नाही. परत आल्यापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारायला येतं, ‘गुरुजी, अंदमानला जायचंय, कसं कसं करावं?’ त्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

नगरकरांना पुण्याचं विमानतळ सोयीचं. राहाता-कोपरगावकडच्या मंडळींना काकडीचं शिर्डी विमानतळ घराजवळ पडतं. कुठूनही निघा, बहुतेकदा चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकाता अशा ठिकाणी विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढं समुद्रावरून सव्वादोन तास. जहाजही जातं चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून. पण त्याला तीनेक दिवस लागतात आणि हवामान बिघडलं तर जास्तही. रजेचे दिवस मोजून जाणाऱ्यांचं ते काम नव्हे.

तिकीट काढताना नावाचा घोळ होतो. आमच्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्याच 2024 सालात पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप ही नावं 2018 च्या डिसेंबरातली. कागदावर नवं, बोलण्यात जुनं, हे आपल्याकडे चालतं तसंच तिथंही चालतं. आमच्या मेव्हण्यांनी बोटीच्या तिकिटावर ‘स्वराज द्वीप’ वाचलं आणि आपल्याला भलत्याच बेटावर पाठवतायत म्हणून टूरवाल्याला रात्री दहा वाजता फोन लावला. दोन्ही नावं वहीत लिहून ठेवा.

आता घड्याळाचं. पोर्ट ब्लेअर आपल्या नगरच्या पूर्वेला सुमारे 18 रेखांश. भूगोलात आम्ही मुलांना शिकवायचो, एका रेखांशाला चार मिनिटं. म्हणजे सरासरीने सूर्य तिथं आपल्यापेक्षा 72 मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. घड्याळ मात्र देशभर एकच. थंडीत तिथं पाच-सव्वापाचला दिवस बुडतो. ‘दुपारी जेवून, जरा पडून, चारला निघू’ हा आपला हिशेब तिथं केला तर किनाऱ्यावर पोचेपर्यंत अंधारच भेटतो. पहाटे पाचला उठायचं, साडेसहाला बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सहाला खोलीवर. निवृत्त माणसांना हे वेळापत्रक मानवतं. तरण्या पोरांना जड जातं.

हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही डिसेंबर ते मार्च समुद्र शांत. पावसाळ्यात जाऊ नये असं माझं मत, कारण तिथं पाऊस दोन अंगांनी येतो, आधी नैर्ऋत्येकडून आणि नंतर ईशान्येकडून. पावसात बोटी बंद राहिल्या तर हॉटेलच्या व्हरांड्यात पत्ते कुटायला इतका खर्च कशाला करायचा?

बॅगेत काय घ्यावं, यावर घरोघरी भांडणं होतात म्हणून थोडक्यात. आधार कार्डाची मूळ प्रत, कारण बोटीवर चढतानाही ओळखपत्र बघतात. रोख पैसे, कारण लहान बेटांवर एटीएम थोडी आणि रेंज गेली की फोनवरचे पैसे फोनमध्येच राहतात. चेन्नईहून समुद्राच्या तळाने टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल 2020 मध्ये सुरू झाली तेव्हापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मागे पट्टा असलेल्या, खडकावर पकड घेणाऱ्या सँडल. रोजची औषधं दोन दिवस जादा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आणि खोबरेल तेल. संध्याकाळी वाळूत बसलं की डोळ्यांना नीट दिसतही नाहीत अशा वाळूमाश्या चावतात आणि खाज आठ-आठ दिवस जात नाही. हिने पायाला तेल चोपडलं होतं, तिला फारसा त्रास झाला नाही. मी ‘असलं काही नसतं’ म्हणालो होतो. आठ दिवस खाजवत होतो.

बोटीचा नियम

मेव्हणे सांगत सुटले होते, ‘माळशेज घाटात यष्टीच्या शेवटच्या सीटवर बसून गेलोय, कधी उलटी नाही केली.’ पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला वेगवान बोटीने दीड-दोन तास, सरकारी बोटीने जरा जास्त. बंदराच्या आडोशातून बाहेर पडल्यावर विसाव्या मिनिटाला मेव्हण्यांनी कागदी पिशवी मागितली. घाटात हिसका बसतो तो एका अंगाने. बोट वर-खाली आणि आडवी एकाच वेळी हलते. मळमळीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. जागा मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागायची. मोबाईल बंद करून लांब क्षितिजाकडे बघायचं.

याहून मोठा नियम मात्र हा: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला कुणा टूरवाल्याने शेवटची रात्र हॅवलॉकला दिली होती आणि सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचं असं आखलं होतं. रात्री वारा सुटला, सकाळी बोट रद्द. सहा जणांची विमानाची तिकिटं पाण्यात गेली. बेटावर रस्ता नसतो, हे आपल्यासारख्या रस्त्याच्या माणसांच्या पटकन ध्यानात येत नाही. इथं यष्टी चुकली तर काळीपिवळी मिळते, तीही नसली तर कुणाचा तरी टेम्पो. तिथं बोट नाही म्हणजे काहीच नाही.

आमची आखणी अशी होती: दोन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, एक नील आणि शेवटची परत पोर्ट ब्लेअर. सहा रात्रींत एवढंच करावं. यादीतली आणखी चार ठिकाणं कोंबली तर ती फक्त गाडीच्या काचेतून दिसतात.

कोठडी

मराठी माणूस अंदमानला जातो तो निम्मा सेल्युलर जेलसाठी. विमानतळालाही सावरकरांचंच नाव आहे. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखा होत्या, मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या. आता तीन उरल्यात. एका शाखेच्या कोठड्यांची दारं पुढच्या शाखेच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदी कधी दिसूच नये. 4 जुलै 1911 ला सावरकर इथं आले आणि 1921 च्या मे महिन्यात त्यांना इथून हलवलं. थोरले भाऊ बाबाराव त्यांच्याआधीपासून इथंच होते, पण एका तुरुंगात असूनही दोघांना एकमेकांचा पत्ता लागू दिला जात नव्हता.

आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात नेहरू, पटेल, मौलाना आझाद असे बारा जण कैदेत होते. शाळेची सहल नेताना मी ती खोली पोरांना कितीदा दाखवली आहे. तिथं नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. कागद होता, पुस्तकं होती, बोलायला माणसं होती. अंदमानच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या टोकाच्या कोठडीत उभं राहिलं की दोन तुरुंगांतलं अंतर कळतं. खाली अंगणात तेलाचा कोलू आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून रोज तीस पौंड तेल काढून घ्यायचे. मी घाण्याच्या दांड्याला हात लावून बघितला. औत धरलेल्या हाताला वजन कळतं. मी हात काढून घेतला.

इथला सल्ला साधा आहे. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम सगळेच बघतात, त्याचं तिकीट आधी काढा, पण तेवढ्यावर भागवू नका. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दोन तास हातात ठेवा आणि आठवडी सुट्टी कधी आहे ते निघण्याआधी विचारून घ्या.

विहिरीचं शहाणपण

आता माझी फजिती. मी पोहायला शिकलो तो विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. काठावरून मुटका मारावा तर मीच, तळातली माती मुठीत धरून वर यावं तर मीच. हॅवलॉकचा राधानगर किनारा 2004 मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हणून निवडला होता, 2020 मध्ये त्याला ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं. पांढरी वाळू, मागे उंच झाडी आणि पाणी असं की पाय कुठं पडतोय ते दिसावं. मला वाटलं, अशा पाण्यात पोहणं म्हणजे हौदात पोहणं.

दुपारची वेळ. लाटा फुटत होत्या, पण मध्ये एक वीस-पंचवीस फुटांचा पट्टा गुळगुळीत दिसत होता, तिथं फेसच नव्हता. विहिरीचं शहाणपण सांगतं, जिथं पाणी शांत तिथं उतर. मी तिथंच उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि पायाखालची वाळू कुणीतरी सतरंजीसारखी ओढून घेतल्यागत सरकली. मी किनाऱ्याकडे हात मारतोय आणि किनारा जागचा हलत नाही. मारलेला प्रत्येक हात फुकट. विहिरीत असं कधी होत नाही. विहीर कुणाला कुठं नेत नाही.

जीवरक्षकाने शिट्टी मारली आणि हाताने आडवी खूण केली. नशीब, मला ती कळली. सरळ किनाऱ्याकडे न जाता किनाऱ्याला समांतर, डाव्या हाताला पोहलो. पाच-सात हात गेल्यावर ओढ सुटली आणि एका लाटेनेच मला आणून वाळूत टाकलं. बाहेर आल्यावर त्या पोराने समजावलं ते असं: लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात ते कुठून तरी परत जायला हवं ना? ते एखाद्या चिंचोळ्या खोलगट पट्ट्यातून परत जातं. तिथं लाट फुटत नाही, म्हणून तो पट्टा शांत दिसतो. सगळ्यात शांत दिसते तीच सगळ्यात वाईट जागा. त्यात तेव्हा ओहोटी चालू होती, पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले. मला पाटाचं दार आठवलं. दारापाशीही पाणी वरून गुळगुळीतच दिसतं, पण आमच्याकडचं पोरगंसुद्धा तिथं पाय घालत नाही.

तेव्हा लक्षात ठेवा: जीवरक्षक असेल तिथंच, झेंड्यांच्या आतच पोहायचं. ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजायचं नाही, आडवं निघायचं. दमलात तर नुसतं तरंगत राहायचं. खारं पाणी आपल्या विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त तोलून धरतं. मगरीची पाटी दिसली तर घोट्याएवढ्या पाण्यातही जायचं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं खरोखर आहेत. आणि स्कूबा केलंत तर त्यानंतर निदान 18 ते 24 तास विमानात बसायचं नाही. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि वरची विरळ हवा त्याचे बुडबुडे करते. रक्तदाब, दमा, हृदयाचं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. तिथं लाजण्यात अर्थ नाही.

चतुर्थीचा चंद्र

नीलला पोचलो त्या दिवशी संकष्टी होती. टूरच्या कागदावर दुपारी दोनला ‘नैसर्गिक पूल’ लिहिलेला. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकाची एक कमान आहे, तो हा पूल. ड्रायव्हरने नेलं. भरती नुकतीच होऊन गेलेली, पाणी खडकाला लागलेलं. लांबून कमानीचा माथा दिसला, फोटो निघाले, कागदावर खूण झाली. सगळे म्हणाले, ‘बरं आहे.’

संध्याकाळी मी हिच्या कॅलेंडरमध्ये चंद्रोदय बघत होतो. छापलं होतं साडेनऊच्या सुमाराचं. उपास सोडायला सगळे व्हरांड्यात बसलो, तर सव्वाआठलाच माडांच्या मागून चंद्र वर. ही म्हणाली, ‘अहो, कॅलेंडर चुकलं का?’ मी म्हटलं, ‘कॅलेंडर मुंबईचं, चंद्र इथला.’ तिचा उपास तासाभराहून जास्त आधी सुटला. सबंध सहलीत तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. मला मात्र चंद्र बघता बघता लख्खकन कळलं, की पाणी चंद्रावर चालतं आणि मी कागदावर चाललोय. म्हणजे इथंही आवर्तनच आहे! पाटकरी तेवढा आभाळात बसलाय.

हॉटेलच्या पोराला विचारलं, उद्या ओहोटी कधी? तो म्हणाला, सकाळी सातच्या आसपास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि रोजची वेळ आदल्या दिवसाहून पन्नासेक मिनिटं पुढं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही. अष्टमीच्या सुमाराला दोन्ही बेताच्या, त्याला कोकणात भांग म्हणतात. कोकणातले लोक तिथीला पाऊणपटीने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. तो आडाखा कोकणकिनाऱ्याचा, अंदमानला लागू नाही. तिथलं पत्रक मोबाईलवर किंवा हॉटेलात मिळतं. सहल आखायच्या आधी ते बघा, मग टूरवाल्याचा कागद बघा.

सकाळी साडेसहाला आम्ही दोघंच परत गेलो. कालचा समुद्र दीडशे पावलं मागे गेलेला. काल जिथं पाणी होतं तिथं खडकाचा मोठा ओटा उघडा पडलेला आणि त्यात परातीएवढी, घमेल्याएवढी पाणी धरलेली डबकी. एका डबक्यात वाकून बघितलं. आधी नुसती शेवाळी दगडं. मग डोळा सरावला तसा एक दगड हलला. तो शंख होता आणि आत खेकडा. काळी, दुधीभोपळ्याच्या वाळल्या वेलासारखी एक समुद्रकाकडी निपचित पडलेली. नखाएवढा निळाभोर मासा एका भेगेतून निघून दुसरीत गेला. कमानीखाली कोरड्या पायांनी उभे राहिलो, तेव्हा काल आपण काहीच बघितलं नव्हतं हे कळलं. पट्ट्याच्या सँडल लागतात त्या इथं. प्रवाळाची धार ब्लेडसारखी असते. हात लावू नका. एक गाइड समुद्रकाकडी उचलून लोकांच्या तळहातावर ठेवून फोटो काढत होता, त्याला नको म्हणा. ज्या डबक्यात सहा तास काढायचे ते तिचं घर आहे.

प्रवाळाचा तुकडाही पिशवीत टाकू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे. आमच्यातल्या एकीने वाळूतले शंख-प्रवाळ रुमालात बांधून आणले होते, विमानतळावर सगळं काढून ठेवावं लागलं. वर विचारणा झाली ती वेगळी. दुकानातून घेतलं तर पक्की पावती जवळ ठेवा.

‘जारवा दिसले का?’

परतल्यावर हा प्रश्न हमखास येतो. बारातांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सुटतो. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. या लोकांच्या संरक्षणासाठी 1956 पासून कायदा आहे. आम्ही गेलो नाही, आणि न जाण्याचं कारण अकोल्यात आहे.

माझी वीस वर्षं नोकरी अकोले तालुक्यात झाली. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडं पेटतात. आधी ते आमच्या शाळेतली पोरंच बघायची. मग गाड्या यायला लागल्या. हेडलाइट चालू, गाणी चालू, झाडाखाली पार्किंग. काजव्याची अंडी-अळ्या खाली जमिनीवर असतात हे कुणाला ठाऊक नसायचं. ठाकरवाडीच्या दारात उभं राहून लोक म्हाताऱ्यांचे फोटो काढायचे, पोरांना बिस्किटं फेकायचे. माझ्या चौथीतल्या एका मुलीने विचारलं होतं, ‘गुरुजी, ते आपल्याला बघायला काऊन येतात?’ मला उत्तर देता आलं नव्हतं. गाडीच्या काचेला नाक लावून जंगलातली माणसं शोधत जाणं मला त्या प्रश्नामुळे जमलं नसतं.

नळावरची पाटी

नीलच्या खोलीत नळाच्या वर पाटी होती, पाणी जपून वापरा. आमच्यातल्या पुण्याच्या वहिनी हसल्या, ‘चहूकडे पाणी आणि ही पाटी!’ मी हसलो नाही. अंदमानात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे जेमतेम पाच-सहाशे. पण बेट लहान, समुद्रापर्यंतचं अंतर थोडं, पडलेलं पाणी धावत समुद्रात जातं आणि मार्च-एप्रिलला तिथंही हंडे रांगेत लागतात. पर्यटक जातात ते नेमके त्याच कोरड्या दिवसांत. आपण तीनदा शॉवरखाली उभे राहतो ते पाणी कुणाच्या तरी वाटणीचं असतं.

नील भाजीपाल्याचं बेट. फाळणीनंतर वसवलेल्या बंगाली शेतकऱ्यांनी ते उभं केलं. त्या सकाळी पुलाकडून परतताना वांग्याच्या वाफ्यात तांब्याने पाणी घालणारा एक म्हातारा दिसला. मी बांधावर बसलो. विहीर किती खोल, पाणी कधी आटतं, हे विचारायला भाषा लागत नाही, मोडकी हिंदी पुरते. त्याने विचारलं, ‘आपके यहाँ समंदर है?’

मी म्हटलं, ‘नहीं. टैंकर है.’

तो एवढा हसला की तांब्यातलं पाणी सांडलं. मग आम्ही दोघांनीही त्या सांडलेल्या पाण्याकडे बघितलं, आणि त्याने पायाने माती ओढून ते वांग्याच्या बुडाशी वळवलं.